घोरणें आणि निद्रेंतील श्वासरोध

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. कष्ट करणाऱ्या माणसास अन्नाची चव व अंथरुणाचा मऊपणा पाहावा लागत नाहीं, असा तिचा अर्थ. आणि तो खराही आहे. परंतु या म्हणीच्या आश्रयानें आणखी एक समजूत नकळत आपल्या मनांत रुजली आहे. ती ही कीं, डोकें टेकतांच जो घोरूं लागतो, तो मनुष्य खरा सुखी, निरोगी व गाढ निद्रा घेणारा होय. उन्हाळ्यांत आपल्या खानदेशांत धाब्याच्या घरांवर अंथरुणें पसरून निजण्याची चाल आहे. अशा रात्रीं चार घरें पलीकडचें घोरणेंही स्पष्ट ऐकूं येतें. ऐकणारे हंसतात, 'काय निवांत झोपला आहे!' असें म्हणतात आणि कूस बदलतात. ही समजूत कितपत खरी आहे तें पारखून पाहण्याचें आम्ही या लेखांत योजिलें आहे. कारण पुष्कळ प्रसंगीं हा आवाज निवांत झोपेचा नसून श्वासासाठीं चाललेल्या झटापटीचा असतो. घोरणाऱ्यास तिची वार्ताही नसते. ती ऐकूं येते ती केवळ शेजारीं निजलेल्यास.

प्रथम हा आवाज उत्पन्न कसा होतो तें पाहूं. नाकावाटें आंत घेतलेली हवा नाकाच्या पाठीमागून घशांत उतरते, आणि तेथून स्वरयंत्राच्या मार्गानें श्वासनलिकेंत व शेवटीं फुप्फुसांत जाते. नाकाच्या पोकळीस हाडांचा आधार आहे. श्वासनलिकेस कूर्चेच्या कड्यांचा आधार आहे. परंतु या दोहोंमधील जो घसा, त्याच्या भिंती केवळ स्नायूंच्या व मांसाच्या आहेत. त्याच्या पुढल्या बाजूस जिभेचें मूळ, वरतीं मऊ टाळू व तेथें लोंबणारी पडजीभ, आणि दोन्ही बाजूंस टॉन्सिल नांवाच्या गांठी, अशी तेथें दाटी आहे. बोलणें, गिळणें व श्वास घेणें हीं तीनही कामें याच एका गल्लींतून व्हावयाचीं असल्यामुळें निर्मात्यानें ती लवचीक ठेविली आहे. जागेपणीं तेथील स्नायु तंबूच्या ताणलेल्या दोरांप्रमाणें ही वाट उघडी धरून ठेवितात. झोंप लागली म्हणजे सर्व शरीराबरोबर तेही सैल पडतात. मनुष्य उताणा निजला असेल तर जीभ स्वतःच्या भारानें मागें सरकते. वाट अरुंद झाली कीं तींतून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, आणि केळीच्या बागेंत वारा सुटल्यावर फाटकीं पानें जशीं फडफडतात, तशी टाळू व पडजीभ फडफडूं लागते. हेंच घोरणें.

येथवर घडतें तें बहुधा निरुपद्रवी असतें. सर्दी झाली, दिवसभर श्रम झाले, अगर कूस बिघडली, तर कोणीही थोडाबहुत घोरतो. खरें संकट याच्या पुढच्या पायरीवर आहे. कागदाची भिजलेली नळी तोंडांत धरून रस जोरानें ओढला कीं ती मध्येंच चिपटते. जितकें अधिक ओढावें तितकी ती अधिक मिटते, आणि थेंबही वर येत नाहीं. घशाचेंही तसेंच होतें. छाती व पोटाचा पडदा हवा आंत ओढण्याची पराकाष्ठा करीत असतात, परंतु घसा मिटलेला असल्यामुळें हवा आंत जात नाहीं. मोठ्यानें चाललेला आवाज एकाएकीं थांबतो. ऐकणाऱ्यास वाटतें, बरें झालें, आतां शांत झोंप लागली. वस्तुतः या शांततेंत तो मनुष्य श्वासच घेत नसतो.

असा श्वास निदान दहा सेकंद बंद राहिला तर वैद्यशास्त्र त्यास ॲप्निया असें नांव देतें. हा शब्द ग्रीक असून 'श्वासाचा अभाव' असा त्याचा अर्थ आहे. आपण त्यास निद्रेंतील श्वासरोध म्हणूं. कित्येकांत हा रोध वीस-तीस सेकंद, तर क्वचित् मिनिटाहूनही अधिक टिकतो. तेवढ्या अवधींत रक्तांतील प्राणवायु कमी होऊं लागतो. मेंदूस धोक्याची जाणीव होते व तो शरीरास हलवून जागें करतो. घसा ताणला जातो, मोठा फुरफुराट किंवा हुंदका होऊन हवा आंत शिरते, आणि मनुष्य पुन्हां झोंपीं जातो. ही जागृति इतकी क्षणिक असते कीं सकाळीं तिची आठवण मुळींच राहत नाहीं. थोड्या वेळानें तोच खेळ पुन्हां सुरू होतो. असे पूर्ण व अर्धवट रोध तासाला किती वेळां होतात, यावरून रोगाची तीव्रता ठरवितात. प्रौढ मनुष्यांत पांचांच्या आंत असल्यास तें नेहमींचें समजतात. पांच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि तिसांच्या वर तीव्र. तासाला तीस वेळां, म्हणजे दर दोन मिनिटांस एकदां! ज्याला रात्रभर दर दोन मिनिटांनीं कोणी हलवून उठवीत आहे, तो आठ तास अंथरुणांत पडला म्हणून विश्रांति पावला, असें कोण म्हणेल?

दुसरा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत घसा उघडा असूनही श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून सुटत नाहीं. हृदयाच्या कांहीं रोगांत तो आढळतो. परंतु तो विरळा; नेहमीं भेटतो तो घसा मिटण्याचाच प्रकार, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

या रात्रींच्या झटापटीची किंमत शरीर दिवसां मोजतें. पुरेसें निजूनही सकाळीं थकवा वाटणें, डोकें जड होणें अगर दुखणें, तोंड कोरडें पडणें, रात्रीं वारंवार लघवीस उठावें लागणें, दुपारीं काम करतांना डोळा लागणें, विसराळूपणा, चिडखोरपणा, हीं या रोगाचीं नेहमींचीं चिन्हें होत. यांहून अधिक चिंतेची गोष्ट हृदयाची. प्रत्येक वेळीं गुदमरून जागें होतांना शरीरांत भयाच्या प्रसंगींचे रस सुटतात, नाडी धांवूं लागते व रक्ताचा दाब चढतो. हें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे दिवसांही दाब उतरेनासा होतो. औषधांस दाद न देणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीं या रोगाचा संबंध अनेक संशोधकांनीं दाखवून दिला आहे.

हा रोग नवा आहे काय? मुळींच नाहीं; नवें आहे तें त्याचें ज्ञान. रामायणांतील कुंभकर्णाची झोंप सर्वांस ठाऊक आहे. त्यास उठवावयास गेलेल्या राक्षसांस त्याच्या निःश्वासापुढें उभें राहणें कठीण झालें, असें कवि सांगतो. पवित्र शास्त्रांत योना संदेष्टा वादळांतही तारवाच्या तळाशीं गाढ निजला होता. त्या वचनाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत तर तो घोरत होता असेंही स्पष्ट म्हटलें आहे. पौलाचें भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलें तेव्हां खिडकींत बसलेला युतुख नांवाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला, ही कथाही आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आठवेल. यांपैकीं कोणास हा रोग होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तथापि झोंप ही हंसण्याची बाब असली तरी ती प्राणावरही बेतूं शकते, हें जुन्या लोकांनीं पाहिलें होतें खास.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यानें इ. स. १८३६-३७ मध्यें 'पिकविक पेपर्स' ही कथा लिहिली. तींत ज्यो नांवाचा एक अतिशय लठ्ठ मुलगा आहे. तो उभ्या उभ्या झोंपीं जातो व घोरतो. डिकन्सनें तो हंसविण्याकरितां रंगविला. परंतु सुमारें एकशें वीस वर्षांनंतर, १९५६ मध्यें, अमेरिकेंतील डॉक्टरांनीं अशाच एका रोग्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्या व्याधीस पिकविकचेंच नांव दिलें. १९६५ मध्यें फ्रान्स व जर्मनी या दोन देशांतील संशोधकांनीं, एकमेकांवर अवलंबून न राहतां, झोंपलेल्या रोग्यांचा श्वास यंत्रांनीं नोंदून तो वारंवार बंद पडतो हें सिद्ध केलें. १९७६ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. ख्रिस्तियान गिल्मिनो व त्यांचे सहकारी यांनीं त्यास 'स्लीप ॲप्निया'चें लक्षणसमूह म्हणून निश्चित रूप दिलें. त्या काळीं तीव्र रोगावर खात्रीचा असा एकच उपाय होता. गळ्यास पुढून भोंक पाडून श्वासनलिकेंत नळी बसवावयाची, म्हणजे मिटणारा घसा टाळून हवा आंत जाई. उपाय गुणकारी, पण किती कठोर!

ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्यापुढें १९८० च्या जून महिन्यांत असाच एक तीव्र रोगी आला. ही शस्त्रक्रिया त्यास नको होती. तेव्हां सलिव्हन यांनीं एका पंख्याच्या यंत्राची हवा नळीवाटें त्याच्या नाकांत सौम्य दाबानें सोडली. पावसाळी पोत्यांतही आंतून हवा भरली कीं तें फुगून उभें राहतें. तसा आंतील दाबानें घसा उघडा राहिला, रोध थांबले, आणि तो मनुष्य कित्येक वर्षांनीं स्वस्थ झोंपला. पुढील वर्षीं, १९८१ मध्यें, पांच रोग्यांवरील हा अनुभव त्यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. आज जगभर लाखों लोक वापरतात तें सी-पॅप यंत्र या साध्या कल्पनेचेंच सुधारलेलें रूप होय.

हा रोग केवळ पाश्चात्त्य व लठ्ठ लोकांचा आहे, अशी कोणाची समजूत असल्यास तीही सोडावयास हवी. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांताच्या पाहणींत मध्यम वयाच्या पुरुषांपैकीं शेंकडा २४ व स्त्रियांपैकीं शेंकडा ९ यांत तासाला पांच किंवा अधिक रोध आढळले. आपल्या मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शेंकडा १९.५ जणांचा श्वास झोपेंत बिघडत होता, आणि शेंकडा ७.५ जणांत त्याबरोबर दिवसां झोंप येण्याचें लक्षणही होतें. म्हणजे आपल्याकडचें प्रमाण कमी नाहीं. याचें एक कारण असें सांगतात कीं, आशियांतील पुष्कळ लोकांचा जबडा व चेहऱ्याची ठेवण अशी असते कीं मागें घशाला जागा कमी राहते. त्यामुळें वजन फार वाढलेलें नसतांही रोध संभवतो. शिवाय आपल्यांत मेद पोटावर व मानेवर लवकर सांठतो. सुप्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचें १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं मुंबईंत वयाच्या ६९ व्या वर्षीं निधन झालें, तेव्हां त्यांच्या डॉक्टरांनीं कारण म्हणून याच निद्रेंतील श्वासरोधाचें नांव घेतलें. त्या दिवशीं पुष्कळ मराठी घरांत हा शब्द प्रथमच उच्चारला गेला असेल.

हा रोग कोणास विशेषेंकरून होतो? ज्यांचें वजन वाढलें आहे, ज्यांची मान जाड आहे (पुरुषांत सुमारें १७ इंच व स्त्रियांत १६ इंच यांहून अधिक घेर असल्यास सावध राहावें), ज्यांची हनुवटी मागें दबलेली आहे, ज्यांचें नाक सदा चोंदलेलें असतें अगर आंतील पडदा वांकडा आहे, त्यांस हा धोका अधिक. पुरुषांत तो अधिक दिसतो. परंतु पाळी गेल्यावर स्त्रियांतही तो वाढतो. थायरॉइड ग्रंथि मंद झाल्यासही घोरणें वाढतें. दारू हा तर उघड शत्रु आहे, कारण ती घशाचे स्नायु आणखी सैल करते व मेंदूचा पहाराही ढिला पाडते. झोपेच्या कित्येक गोळ्यांचेंही तसेंच. 'झोंप नीट लागत नाहीं' म्हणून असा मनुष्य आपल्या मनानें गोळी घेऊं लागला तर तो आगींत तेलच ओततो. धूम्रपानानें घशाला सूज येऊन वाट आणखी अरुंद होते.

आमच्या जिल्ह्यांकडे पाहतां या रोगाचा विचार केवळ एकट्या माणसाच्या प्रकृतीपुरता राहत नाहीं. मुंबईहून आग्र्यास व सुरतेहून नागपुरास जाणारे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. रावेर-यावलच्या केळ्यांचे ट्रक रात्रीचा दिवस करून उत्तरेस धांवतात. भुसावळ तर रेल्वेचें मोठें ठाणें. तेथील किती घरांचें पोट गाड्या चालविण्यावर चालतें! दिवसभर बसून काम, अवेळीं जेवण, ढाब्यावरची तेलाची शेवभाजी, वाढतें पोट आणि तुटपुंजी झोंप. या रोगास लागणारें सर्व साहित्य चालकाच्या आयुष्यांत आयतें गोळा होतें. ज्यास हा रोग आहे व ज्यानें त्यावर उपचार केलेला नाहीं, अशा चालकास अपघात होण्याचा संभव इतरांच्या मानानें सुमारें दुपटीहून अधिक असतो, असें अनेक पाहण्या एकत्र करून काढलेलें अनुमान आहे. पहाटे तीन वाजतां चहाचा पेला व तोंडावर पाण्याचा हबका क्षणभर डोळे उघडे ठेवितो, परंतु तो घसा उघडा ठेवीत नाहीं. असा चालक आळशी नसतो, बेफिकीरही नसतो. तो आजारी असतो. मात्र रोग सांगितला तर नोकरी जाईल, या भीतीनें तो गप्प बसतो. गाडीच्या मालकानें हें जाणावें कीं, उपचार घेतलेला चालक सुरक्षित असतो. धोकादायक असतो तो लपविणारा.

आतां मुलांविषयीं. घोरणें हें मोठ्यांचेंच काम, असें समजण्यांत येतें. परंतु दोन ते आठ वर्षांच्या वयांत टॉन्सिल व नाकामागील ॲडेनॉइड नांवाची गांठ घशाच्या मानानें बरीच मोठी असते, आणि त्यामुळें कांहीं मुलांस हा रोग होतो. असें मूल तोंड उघडें टाकून निजतें, मान मागें टाकतें, घामाघूम होतें, अंथरुणांत तळमळतें, कधीं अंथरूण ओलें करतें. आणि दिवसां? मोठा मनुष्य पेंगतो. मूल पुष्कळदां उलट अतिशय चळवळें, चिडखोर व कशांतही चित्त न लागणारें होतें. वर्गांत त्याचें नांव खोडकरांच्या यादींत पडतें, प्रगतिपुस्तकांत 'लक्ष देत नाहीं' असा शेरा मिळतो. आम्हां शिक्षकांस यावरून एक धडा घ्यावयाचा आहे. जो मुलगा बाकावर डोकें टेकतो, किंवा क्षणभरही स्वस्थ बसत नाहीं, त्यास शिक्षा करण्यापूर्वीं त्याच्या आईस एक प्रश्न विचारावा : 'रात्रीं हा घोरतो काय?' आठवड्यांतून तीन रात्रींहून अधिक घोरत असेल तर त्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवावें. अमेरिकेंत पांच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर केलेला एक प्रयोग २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. टॉन्सिल व ॲडेनॉइड काढलेल्या मुलांपैकीं शेंकडा ७९ जणांची झोंप सात महिन्यांनीं नेहमींसारखी झाली, व त्यांचें वागणेंही सुधारलें. केवळ वाट पाहिलेल्यांपैकींही शेंकडा ४६ जण आपोआप बरे झाले. म्हणून प्रत्येक मुलास शस्त्रक्रियाच हवी असें नाहीं. परंतु प्रत्येकास तपासणी मात्र हवी.

तपासणीची रीति कष्टाची नाहीं. डॉक्टर प्रथम घसा, नाक, मान, वजन व रक्तदाब पाहतात, आणि बसल्या बसल्या, वाचतांना, प्रवासांत डोळा लागतो काय असे साधे प्रश्न विचारतात. संशय आला तर एक रात्र निद्रेचें परीक्षण करितात. पूर्ण परीक्षणांत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकांतील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची उचल, हृदयाचे ठोके व रक्तांतील प्राणवायु हें सर्व एकाच वेळीं नोंदलें जातें. याहून लहान यंत्र लावून घरींच निजूनही पुष्कळांची परीक्षा होऊं शकते. धुळ्याचें भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगांवचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील रुग्णालयांच्या कान-नाक-घसा अगर छातीच्या विभागांत प्रथम दाखवावें; पुढें परीक्षण कोठें करावें तें तेथील डॉक्टर सांगतील. जातांना मात्र एक साक्षीदार बरोबर न्यावा. तो म्हणजे त्याच खोलींत निजणारा मनुष्य. रोग्याची साक्ष येथें कवडीमोल असते, कारण गुन्हा घडतांना तो झोंपलेला असतो. मोबाइल फोनवर रात्रींचा थोडा आवाज व चित्र घेऊन नेलें तर डॉक्टरांचें काम आणखी सोपें होतें.

उपचारांचा आरंभ घरांतूनच होतो. पहिला उपाय वजन उतरविण्याचा. अमेरिकेंतील एका पाहणींत (२०००) वजन शेंकडा दहा कमी झाल्यास रोधांची संख्या सुमारें एक चतुर्थांशानें घटते, आणि तितकेंच वाढल्यास ती सुमारें एक तृतीयांशानें वाढते, असें दिसून आलें. दुसरा उपाय कुशीवर निजण्याचा. झोपेंत उताणें होण्याची संवय असेल तर सदऱ्याच्या पाठीस आंतून एक खिसा शिवून त्यांत चेंडू ठेवावा; तो टोंचतांच मनुष्य आपोआप कूस घेतो. दारू व धूम्रपान सोडावें. रात्रींचें जेवण लवकर व हलकें असावें. नाक चोंदत असल्यास त्यावर उपचार करावा. सौम्य प्रकारांत एवढ्यानेंच पुष्कळ आराम पडतो.

मध्यम व तीव्र रोगांत मुख्य उपाय सी-पॅप यंत्राचा. नाकावर मऊ मुखवटा बांधून रात्रभर यंत्रानें सौम्य दाबाची हवा घ्यावयाची. आरंभीं पुष्कळांस हें अवघड वाटतें. मुखवटा खुपतो, नाक कोरडें पडतें, घरचीं मुलें हंसतात. परंतु योग्य मापाचा मुखवटा व थोडा धीर यांनीं संवय होते, आणि कित्येकांस पहिल्या आठवड्यांतच सकाळ निराळी भासूं लागते. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. आधींच हृदयाचा अगर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा रोग असलेल्या २,७०० हून अधिक लोकांवरील एका मोठ्या प्रयोगांत (२०१६) या यंत्रानें पुढील हृदयविकार व पक्षाघात टळल्याचें दिसलें नाहीं; दिवसांची झोंप व मनाची उदासी मात्र कमी झाली. त्या प्रयोगांत लोकांनीं यंत्र रात्रीं सरासरी सव्वातीन तासांच्या आसपासच वापरलें होतें, हेंही लक्षांत ठेवावें. यंत्र कपाटांत ठेवून घसा उघडत नाहीं. ज्यांस तें सोसत नाहीं त्यांच्यासाठीं दंतवैद्य खालचा जबडा किंचित् पुढें धरणारें साधन दांतांवर बसवून देतात. सौम्य व मध्यम रोगांत तें उपयोगी पडतें. नाकाचा वांकडा पडदा, मोठ्या टॉन्सिल, सैल टाळू अशा ठिकाणीं निवडक रोग्यांस शस्त्रक्रियेचा लाभ होतो. अमेरिकेंत २०१४ पासून जिभेच्या मज्जातंतूस झोपेंत चेतना देणारें लहानसें यंत्र छातींत बसविण्यास मान्यता आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्यें तेथें टिर्झेपटाइड हें वजन उतरविणारें औषध स्थूल व्यक्तींतील मध्यम व तीव्र रोगावर मान्य झालें. तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेण्याचें औषध नव्हे.

घशाच्या स्नायूंस व्यायाम देऊन कांहीं उपयोग होतो काय, याचाही शोध चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचें डिजेरिडू नांवाचें एक लांब फुंकवाद्य आहे. स्वित्झर्लंडमध्यें २५ लोकांवरील एका लहान प्रयोगांत (२००६) तें रोज वाजविणाऱ्यांची दिवसांची झोंप व रात्रींचे रोध कमी झाले. २०२५ मध्यें जयपूरच्या संशोधकांनीं ३० लोकांवर आपल्याकडील शंखाचा असाच प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने शंख फुंकणाऱ्यांस तसाच लाभ दिसला. प्रयोग लहान आहेत, म्हणून त्यांवर सर्व भार टाकूं नये. परंतु सौम्य रोग्यानें फुंकवाद्य शिकण्यास हरकत कसली? उलट 'घोरणें तीन दिवसांत बंद' अशा जाहिरातींचीं तेलें, पट्ट्या व नाकांतल्या चिमट्या यांविषयीं सावध असावें. आवाज थोडा कमी झाला म्हणजे रोध थांबले असें नव्हे. चोर पावलांचा आवाज न करतां आला म्हणून तो साधु ठरत नाहीं. आणखी एक सूचना : कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरांस आपण घोरतों ही गोष्ट अवश्य सांगावी, कारण भुलीच्या औषधांनीं हा धोका वाढतो.

इतकें ज्ञान व इतके उपाय असतांही पुष्कळ रोगी डॉक्टरांपर्यंत पोहोंचत नाहींत. याचें कारण आमच्या मतें दारिद्र्याहूनही अधिक संकोच हें आहे. घोरणें ही थट्टेची गोष्ट झाल्यामुळें घोरणारा ती नाकारतो, 'मी कोठें घोरतों?' म्हणून रागावतो. पत्नी रात्रीं जागी राहून पतीचा थांबलेला श्वास मोजीत असते, कधीं हलवून पाहते, आणि सकाळीं कांहीं बोलत नाहीं. बोलली तर गाऱ्हाणें केल्यासारखें होईल, असें तिला वाटतें. आणि स्वतः तीच घोरत असेल तर? स्त्रीनें घोरणें हें घरांत लाजिरवाणें समजतात, म्हणून तिच्या थकव्यास व डोकेदुखीस कोणी विचारीतच नाहीं. घरकामाचा शीण म्हणून तें सर्व सोडून दिलें जातें. दहा सेकंद बंद पडलेला श्वास पुरुषाचा असो अगर स्त्रीचा, त्याचा रक्तावर होणारा परिणाम एकच असतो.

'बैल गेला आणि झोपा केला' या म्हणींतील झोपा म्हणजे गोठ्याचें दार होय, निद्रा नव्हे, हें आमचे विद्यार्थी जाणतातच. तरीही ती म्हण येथें दुहेरी लागू पडते. विद्यार्थिमित्रहो, तुमचे कान तरुण आहेत व तुमची झोंप हलकी आहे. घरांतील कोणाचें घोरणें मध्येंच तुटतें काय, त्या शांततेनंतर गुदमरल्यासारखा हुंदका येतो काय, तें एक-दोन रात्रीं लक्ष देऊन ऐका. तसें असेल तर हंसूं नका आणि लपवूंही नका. सकाळीं चहाच्या वेळीं वडिलांस अगर आईस शांतपणें सांगा, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यांत जा. रात्रीं तुम्ही काय ऐकलें तें डॉक्टरांस सांगणारें त्या घरांत दुसरें कोणी नसेल.